बोलायची खोली



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते हाडाचे शिक्षक होते. म्हणून शिक्षणावर बोला, असा संयोजकांचा आग्रह. शिक्षणावर बोलायला आपल्याकडे कोणीच नाही म्हणत नाही. लग्नाच्या पंगतीतही लोक शिक्षणावर बोलतात. मी मात्र आज शिक्षणाच्या ध्येयावर बोलणार नाही, धोरणावर बोलणार नाही. चार-सहा विद्यार्थ्यांनी एकत्र बसून अभ्यास कसा करावा, एवढ्याच विषयावर बोलणार आहे. विषय लहान आहे. पण गेली काही वर्षं मी गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत जे बघतो आहे, त्यावरून मला वाटतं की हा लहान विषय आपण फार वाईट हाताळला आहे.

आधी चित्र बघू. आज आरमोरी, चामोर्शी, मूल, ब्रम्हपुरी, अहेरी, कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, अभ्यासिका दिसेल. काही नगर परिषदेच्या, काही खासगी, महिन्याच्या भाड्यावर. गडचिरोली पोलिसांनी तर ‘एक गाव, एक वाचनालय’ असा उपक्रमच काढला. ही चांगली गोष्ट आहे, मी टिंगल करायला आलेलो नाही. ज्या घरात एकच खोली, एकच दिवा आणि त्या दिव्याखाली सगळं घर, त्या घरातल्या पोरीला टेबल-खुर्ची आणि पंखा मिळणं याची किंमत मला कळते.

पण आत जाऊन बघा. प्लायवूडचे कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक पाण्याची बाटली, एक चार्जर, सामान्य ज्ञानाचं एक जाडजूड पुस्तक आणि एक मान खाली घातलेला उमेदवार. कोणी पोलीस भरतीचा, कोणी वनरक्षकाचा, कोणी तलाठ्याचा, एखादी नीटची. भिंतीवर पाटी: ‘शांतता राखा’. संध्याकाळी हीच मुलं खाली चहाच्या टपरीवर येतात आणि तिथे बोलायला लागतात. काय बोलतात? उत्तरतालिका कधी लागणार, कटऑफ किती जाणार, जागा किती निघणार. म्हणजे बघा, आत पुस्तक उघडं आणि तोंड बंद, बाहेर तोंड उघडं आणि पुस्तक बंद. पुस्तक आणि तोंड, दोन्ही एकाच वेळी उघडी असायला हवीत, अशी जागा आपण बांधलीच नाही.

कोणी म्हणेल, सर, आमचा गट आहे की! व्हॉट्सॲपवर दोनशे जण आहोत. मी त्या गटात डोकावलो आहे. तिथे पीडीएफ येतात. सकाळी येतात, दुपारी येतात, रात्री दीड वाजता येतात. पीडीएफ पाठवली की अभ्यास झाला असं पाठवणाऱ्याला वाटतं आणि साठवली की झाला असं घेणाऱ्याला वाटतं. दुसरा प्रकार म्हणजे वाटणीचा गट. पाच जण, दहा धडे, दोन-दोन वाटून घेऊ, नोट्स काढू, झेरॉक्स मारू. ऐकायला किती शहाणपणाचं! परीक्षेला बसताना प्रत्येकाला पाचवा हिस्सा येत असतो. आणि तिसरा प्रकार सगळ्यात जास्त आढळतो: एक हुशार, बाकीचे श्रोते. हुशार शिकवतो, बाकीचे ‘हो, हो’ म्हणतात. ही बिनपैशाची शिकवणी झाली. तिला अभ्यास गट म्हणू नये.

मग अभ्यास गट म्हणावं तरी कशाला? यासाठी पुण्याला किंवा दिल्लीला जायची गरज नाही. आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात एक गाव आहे.

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर, धानोरा यायच्या जरा आधी, मेंढा (लेखा) लागतं. गोंड आदिवासींचं, शंभराच्या आसपास घरांचं गाव. मेंढ्याचं नाव काढलं की सभागृहात टाळ्या पडतात आणि ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना पाठ असते. इतिहासही थोडाफार माहीत असतो. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी मेंढा एक आणि याच जिल्ह्यातलं मारदा दुसरं. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१३ साली गावाने ग्रामदानाचा, म्हणजे जमिनीची मालकी गावाकडे देण्याचा, ठराव केला. या सगळ्याच्या बातम्या झाल्या, मिलिंद बोकील यांनी गावावर सुंदर पुस्तक लिहिलं, देशभरातून लोक बघायला आले.

बघायला आलेल्यांपैकी बहुतेकांनी ग्रामसभा बघितली. फार थोड्यांनी अभ्यास गट बघितला. त्यात बघण्यासारखं काही नसतंच म्हणा. काही लोक बसलेले असतात आणि बोलत असतात.

गावातलेच देवाजी तोफा आणि बाहेरून आलेले मोहन हिराबाई हिरालाल या दोघांची नावं मेंढ्याशी जोडलेली आहेत. मोहनभाऊ चंद्रपूरचे, जयप्रकाश नारायणांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेले, ‘वृक्षमित्र’ संस्थेचे. २०२५च्या जानेवारीत ते गेले. त्यांच्या कामाचं मर्म मला कोणी विचारलं तर मी जंगल सांगणार नाही, बांबू सांगणार नाही, अभ्यास गट सांगेन. मेंढ्याची ग्रामसभा निर्णय सर्वसहमतीने घेते. बहुमताने नाही. एकानेही ‘माझं पटत नाही’ म्हटलं की निर्णय थांबतो. आता असा नियम केला की त्याच्या मागोमाग एक अडचण येतेच. न पटणाऱ्याला पटवायचं कसं? दबाव आणायचा नाही, हात वर करून मोजायचे नाहीत. मग राहतं काय? समजून घेणं राहतं. म्हणून ग्रामसभेच्या शेजारी अभ्यास गट. ज्याला त्या विषयात रस आहे त्याने यावं. बाहेरचा जाणकार हवा असेल तर त्याला बोलवावं. त्याने सांगावं, लोकांनी विचारावं. आणि मुख्य अट: अभ्यास गटात निर्णय घ्यायचा नाही.

ही अट मला विलक्षण वाटते. निर्णय घ्यायचा असला की माणूस बाजू घेतो. बाजू घेतली की ती राखावी लागते. राखायची म्हटलं की ‘मला हे माहीत नाही’ असं म्हणता येत नाही. निर्णयाची टांगती तलवार काढून घ्या, माणूस निवांतपणे विचारतो. निस्तार म्हणजे काय, आपल्या आजोबांना जंगलातून काय काय घ्यायचा हक्क होता, तो गेला कधी, कोणी काढून घेतला? पोळं न जाळता, माश्या न मारता मध काढता येतो का? हे तिथल्या अभ्यासाचे विषय.

बांबूचंच घ्या. बल्लारपूरच्या कागद गिरणीला इथला बांबू वर्षानुवर्षं जात होता. १९२७च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाडांमध्ये मोडायचा. झाड म्हणजे इमारती लाकूड, म्हणजे सरकारचं. वनस्पतिशास्त्र विचाराल तर बांबू गवताच्या कुळातला. २००६च्या वनहक्क कायद्याने त्याला गौण वनोपजात घातलं, म्हणजे गावाच्या हक्काचं केलं. मग झाड की गवत? शाळेच्या परीक्षेत हा एका मार्काचा, रिकाम्या जागा भरा असा प्रश्न. मेंढ्यात हाच प्रश्न लोकांनी कायदा हातात घेऊन, म्हणजे पुस्तक हातात घेऊन, वाचला. (गडचिरोलीत ‘कायदा हातात घेऊन’ म्हणताना जपून म्हणावं लागतं.) हक्क मिळाल्यावरही वाहतुकीचा परवाना अडला होता. तो सुटायला २०११ उजाडावं लागलं, आणि वनाबाहेरच्या जमिनीवरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळायला केंद्राला २०१७ साल लागलं. दहावी-बारावीपर्यंतही न शिकलेली कितीतरी माणसं या वादात पदवीधर अधिकाऱ्यांशी कलमं लावून बोलत होती. ती कुठल्या क्लासला गेली होती?

चंद्रपूरकरांना वाटेल, हा गडचिरोलीचीच आरती ओवाळतो आहे. तर गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव घ्या. २०१२ साली सामूहिक हक्क मिळाल्यावर या गावाने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. मे महिन्यातली हातात येणारी रोकड सोडायची, ही काय साधी गोष्ट आहे? पण चांगलं पान यावं म्हणून झाड छाटलं जातं, जंगलात आग लावली जाते, मग तेंदूला फळ येत नाही, हा हिशोब गावाने बसून मांडला. असा हिशोब एकट्याने प्लायवूडच्या कप्प्यात बसून होत नाही.

तुम्ही म्हणाल, गावाचं ठीक आहे, विद्यार्थ्यांनी कुठला निर्णय घ्यायचा असतो? मित्रहो, विद्यार्थ्यांच्या गटातही एक निर्णय गुपचूप चाललेला असतो: आपल्यात हुशार कोण आणि ढ कोण. हा निर्णय चालू असला की कोणीही मनातली शंका बाहेर काढत नाही. ज्याला येतं तो दाखवतो, ज्याला येत नाही तो लपवतो. वर्गात हेच होतं, शिकवणीत हेच होतं, आणि गटातही हेच होणार असेल तर गट कशाला? मेंढ्याकडून घ्यायची पहिली गोष्ट ही. अभ्यास गटात कोणाचा निकाल लावायचा नाही. निकाल लावायला मंडळ आहे, आयोग आहे, ते त्यासाठीच पगार घेतात.

याच प्रकारची एक गोष्ट समुद्रापलीकडची सांगतो. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात १९७०च्या दशकात युरी ट्रीसमन नावाचा गणिताचा तरुण अभ्यासक होता. कॅल्क्युलसच्या वर्गात काळे विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चमकत. का, असं प्राध्यापकांना विचारलं तर उत्तरं तयार होती: घरची परिस्थिती, घरचं वातावरण, पाया कच्चा, जिद्द नाही. ओळखीची वाटतात ना ही उत्तरं? आपल्याकडे आश्रमशाळेच्या मुलांबद्दल शब्दशः हीच ऐकू येतात. ट्रीसमनने दोन्हीकडचे वीस-वीस विद्यार्थी घेतले आणि ते अभ्यास कसा करतात ते त्यांच्यासोबत राहून बघितलं. तयार उत्तरांपैकी एकही टिकलं नाही. काळी मुलं मेहनती होती, नेमाने तासन्‌तास बसत होती, पण एकटी. चिनी मुलं आधी आपापलं करत, मग रात्री एकत्र जमत, एकमेकांची उत्तरं तपासत, अडलेलं सोडवत. ट्रीसमनने मग कार्यशाळा सुरू केल्या. गंमत ही की त्याने त्यात ‘कच्च्या मुलांसाठी सोपी गणितं’ ठेवली नाहीत. जास्त अवघड गणितं ठेवली आणि मुलांना घोळक्याने त्यांच्याशी झुंजू दिलं. निकाल पालटला.

अवघड गणितं का? कारण सोपं गणित एकट्याला सुटतं. एकट्याला सुटेल ते गटात आणलं की गट गप्पांना लागतो. गटात आणावं ते अडलेलं. आता आपण खरोखर गट कसा बसवायचा याकडे वळू.

किती जण हवेत? मी म्हणेन चार ते सहा. रिंगेलमान नावाचा एक फ्रेंच शेतकी अभियंता होता. त्याने माणसांना दोरी ओढायला लावली आणि जोर मोजला. माणसं वाढली तसा एकूण जोर वाढला, पण दर माणसामागे जोर कमी कमी होत गेला. १९१३ साली त्याने हे छापलं. गणपतीच्या विसर्जनाला ट्रॉली ओढणाऱ्यांना हे छापायच्या आधीपासून माहीत होतं. दोघांचा गट एकाला ताप आला की मोडतो. आठांच्या गटात दोघे कायम फोनवर असतात.

कोणाला घ्यायचं? मुलं मित्रांना घेतात. मित्र घ्यायला हरकत नाही, पण प्रवेशाची अट मैत्रीची नसावी, तयारीची असावी. जो येताना काहीतरी स्वतः करून, अडून येतो, तो सभासद. पाटी कोरी घेऊन येणाऱ्याला प्रेमाने परत पाठवा. आज पाठवलं नाही तर तीन आठवड्यांत सगळेच कोऱ्या पाट्या घेऊन येतील. सगळे हुशार एकत्र आणि सगळे कच्चे एकत्र, अशी वाटणीही नको.

वेळ कोणती? इथे मी जरा हट्टाने बोलणार आहे. गटातल्या ज्या सभासदाला सगळ्यात कमी मोकळीक आहे, त्याच्या वेळेवर गट बसला पाहिजे. आणि तो सभासद बहुतेक वेळा मुलगी असते. रात्री नऊला बसू, असं मुलं सहज म्हणून जातात. नऊला वसतिगृहाचं दार बंद झालेलं असतं, शेवटची बस गेलेली असते, घरी असेल तर भांडी राहिलेली असतात. ती दोन दिवस येते, तिसऱ्या दिवशी येत नाही, आणि मुलं म्हणतात, मुली सिरियस नसतात. वेळ चुकीची लावायची आणि दोष तिला द्यायचा! सकाळी साडेसहाला बसा, शाळा-कॉलेज सुटल्यावर लगेच बसा, पण आधी तिला विचारा.

वेळेचं दुसरं गणित ऋतूंचं. पुण्याच्या पुस्तकांतली वेळापत्रकं आपल्या जंगलात चालत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो, तेव्हा पहाटे सगळं घर मोह वेचायला जातं. बोर्डाची परीक्षा त्याच्याच आगेमागे. मे महिन्यात तेंदूपत्ता. पाऊस लागला की धानाची रोवणी. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. या काळात गट मोडतो आणि मुलांना वाटतं, आपलं काही जमत नाही. गट मोडला असं समजूच नका. तेंदूचे पंधरा-वीस दिवस सुट्टी, अमुक तारखेला पुन्हा बसायचं, हे आधीच वहीत लिहून ठेवा. ठरवून घेतलेली सुट्टी आणि आपोआप पडलेला खंड यांत फार अंतर असतं.

आता बसल्यावर करायचं काय? एक प्रसंग सांगतो. एका तालुक्याच्या गावी पाच जणांचा गट मी बघितला, तीन मुलं, दोन मुली, सगळे पोलीस भरतीचे. मी कोपऱ्यात बसलो होतो, बोलायचं नाही या अटीवर. गणित असं: एक उमेदवार १६०० मीटर अंतर ५ मिनिटे २० सेकंदांत धावतो, तर त्याचा वेग ताशी किती किलोमीटर? एकाने अर्ध्या मिनिटात सांगितलं, अठरा. १६०० भागिले ३२०, पाच. गुणिले १८ भागिले ५. उत्तर १८. बरोबर. सगळे पुढच्या गणिताकडे निघाले. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “पण अठरा भागिले पाचच काऊन?”

सगळे थांबले. एक म्हणाला, सूत्र आहे. दुसरा म्हणाला, “पाठच करा लागते ते.” ती म्हणाली, “पाठ हाय मले. पण काऊन?” ज्याने उत्तर काढलं होतं तो थोडा चिडला. मग एक मुलगा, जो तोवर काहीच बोलला नव्हता आणि रोज पहाटे मैदानावर धावतो, तो म्हणाला, “एका सेकंदाला पाच मीटर. मिनिटाला तीनशे. तासाला अठरा हजार मीटर. झाले ना अठरा किलोमीटर.” त्याने सूत्र वापरलंच नव्हतं. त्या मुलीने वहीवर लिहिलं: तासाचे सेकंद ३६००, किलोमीटरचे मीटर १०००. छत्तीसशे भागिले हजार. छत्तीस भागिले दहा. अठरा भागिले पाच. आणि म्हणाली, “आता समजला.” पुढे त्यांनी गणित उलटं केलं. ताशी वीस किलोमीटरने धावलं तर १६०० मीटरला किती वेळ? ४ मिनिटे ४८ सेकंद. तो धावणारा मुलगा हसला, म्हणाला, आपल्या मैदानावर एवढं कोणीच नाही.

या सगळ्यात दहा-बारा मिनिटं गेली. शिकवणीवाले म्हणतील, एका मार्काला बारा मिनिटं? पेपर कधी संपणार? मी म्हणतो, त्या संध्याकाळी खरा अभ्यास तेवढाच झाला. त्या पाच जणांना ते सूत्र आता उलटं-सुलटं लागणार नाही, आणि विसरलं तर पुन्हा उभं करता येईल. आणि हे कोणामुळे झालं? ज्याला उत्तर येत होतं त्याच्यामुळे नाही. गटात उत्तर देणाऱ्याचा मान आपण ठेवतोच. विचारणाऱ्याचाही ठेवायला शिकलं पाहिजे. माझं तर म्हणणं आहे, दर बैठकीला एकाकडे ‘काऊन’ विचारायचं कामच द्यावं, आळीपाळीने. लाजऱ्या मुलाला विचारण्यासाठी निमित्त मिळतं.

त्या मुलीने विचारलं ते तिच्या बोलीत, हेही बघा. आपल्या दोन जिल्ह्यांत किती भाषा आहेत! भामरागड-एटापल्लीकडे माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी, आणि इकडे आपली झाडीबोली. पेपर मात्र प्रमाण मराठीत, नाहीतर इंग्रजीत. वर्गात मूल गप्प असतं ते पुष्कळदा विषयामुळे नाही, वाक्य कसं लावायचं या धास्तीने. गटाने एक सोपा नियम करावा. समजून घ्यायचं ते आपल्या बोलीत, लिहायचं ते पेपरच्या भाषेत. दोन्ही करायचं. नुसतं बोलीत केलं तर पेपरात अडेल, नुसतं प्रमाण भाषेत केलं तर डोक्यात अडेल. वडसा-देसाईगंजच्या आसपास झाडीपट्टीच्या नाटकांच्या तालमी बसलेल्या तुम्ही बघितल्या असतील. तालमीत संवाद चुकला म्हणून कोणाची लाज जात नाही. चुकायला मिळावं म्हणूनच तालीम असते. गटाची खोली तशी हवी.

शेवटची दहा-पंधरा मिनिटं वह्या-पुस्तकं मिटून. आज काय केलं ते प्रत्येकाने कोऱ्या कागदावर आठवून लिहायचं. हे मी पदरचं सांगत नाही. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग छापला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आपली मुलं रात्रभर पुस्तकावर हायलाइटर फिरवतात, पिवळं पुस्तक बघून समाधान पावतात, ते पाच मिनिटांचं समाधान असतं.

शिक्षकांचं काय? इथे पुष्कळ शिक्षक आहेत, त्यांना राग येईल, पण मेंढ्याचा नियम इथेही लावा. जाणकाराने बोलावल्यावर यावं, विचारलेलं सांगावं आणि निघावं. शिक्षक गटात बसून राहिला की पंधरा मिनिटांत गटाचा वर्ग होतो. मुलं आपसात बोलायची थांबतात आणि त्याच्या तोंडाकडे बघायला लागतात. मला स्वतःला त्या कोपऱ्यात गप्प बसणं किती जड गेलं, ते मलाच माहीत. गटाने एक वही ठेवावी. आज कोण आलं, कोणता प्रश्न घेतला, कोणता अडला. अडलेले प्रश्न साठले की शिक्षकाला बोलवा. पाच प्रश्न लिहून ठेवलेल्या गटाला तासभर देणं आणि काहीच न विचारणाऱ्या वर्गाला वर्षभर देणं, यात शिक्षकाला कुठे आनंद आहे ते शिक्षकांनीच सांगावं.

मेंढ्याची एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांनी घेऊ नये असं माझं मत आहे. सर्वांना पटेपर्यंत थांबणं. गाव थांबू शकतं, जंगल कुठे जात नाही. परीक्षेची तारीख थांबत नाही. एका मुद्द्यावर वीस मिनिटं झाली आणि सुटलं नाही तर वहीत लिहा आणि पुढे चला. काही गटांना वादाची चटक लागते. तेही एक व्यसनच.

आणखी एक परदेशातली गोष्ट. स्वीडनमध्ये १९०२ साली ऑस्कर ओल्सन नावाच्या माणसाने लुंड शहरात अभ्यास मंडळं सुरू केली. कोणासाठी? दारूबंदीच्या चळवळीतल्या कामगार-कष्टकऱ्यांसाठी, ज्यांना महाविद्यालय परवडत नव्हतं. पुस्तकं एकत्र विकत घ्यायची, वाचायची, बोलायचं. त्यातून त्या देशात एक मोठी परंपरा उभी राहिली. हे सांगतो अशासाठी की आपल्याकडेही मेंढ्याने दारूबंदी केली, गडचिरोलीच्या बायाबापड्यांनी दारूविरुद्ध मोठं आंदोलन केलं. माणसं एका कारणासाठी एकत्र बसायला शिकली की दुसऱ्या कारणासाठीही बसू शकतात. आपल्याकडे बसायची सवय आहे. गोटुलची, म्हणजे गावाने एकत्र जमायच्या जागेची, परंपरा आहे. फक्त अभ्यास म्हटला की आपण लगेच कप्पे करतो आणि पाटी लावतो.

म्हणून आता मागणीचं बोलतो. समोर नगर परिषदेचे सदस्य आहेत, वाचनालयाचे विश्वस्त आहेत, दोन ग्रामपंचायतींचे सरपंचही दिसतात. शांत अभ्यासिका ठेवा, त्या हव्याच. पण प्रत्येक अभ्यासिकेला लागून एक खोली अशी द्या जिथे बोलायला परवानगी असेल. फार काही लागत नाही. एक सतरंजी, एक फळा, खडू, दिवा. इंटरनेट नसलं तरी चालेल, नसलं तर बरंच. गावात जागा नसेल तर समाजमंदिर सकाळी रिकामंच असतं, अंगणवाडी दुपारनंतर रिकामी असते. अडचण जागेची नसते, किल्लीची असते. किल्ली सचिवाकडे, सचिव तालुक्याला, असं बहुतेक ठिकाणी चालतं. किल्ली गटातल्या मुलांकडे द्या, एका मुलाकडे आणि एका मुलीकडे. वही बघून महिन्याने हिशोब घ्या: किती वेळा बसले, काय अडलं. भिंत घाण झाली तर त्यांच्याकडून रंगवून घ्या. आणि कृपा करून उद्घाटनाचा मोठा कार्यक्रम करू नका. त्यात त्या खोलीचे पहिले दोन तास भाषणांत जातात, जसे आज तुमचे गेले.

आता प्रश्न घेऊ. संयोजकांची परवानगी असेल तर पहिले तीन प्रश्न मागच्या रांगांमधून यावेत, तोपर्यंत पुढच्या रांगांनी थांबावं.